निषेधपत्रकांची पंचवीस वर्षे : उत्तर आयर्लंडमधील चर्च, बॉम्ब आणि एक लिफाफा

१/
उत्तर आयर्लंडमधील तीस वर्षांच्या रक्तपाताचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : ‘ते कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे धर्मयुद्ध होते.’ दुसरे : ‘ख्रिस्ती क्षमेने ते युद्ध संपवले.’ दोन्ही वाक्ये सोपी आहेत आणि इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही टिकत नाहीत. पहिले वाक्य चर्चवर भलताच गुन्हा लादते, तर दुसरे त्याला न कमावलेले श्रेय देते. चर्चचा खरा अपराध कोणता आणि खरे श्रेय कोणाचे, याचा हा हिशेब. #थ्रेड #इतिहास

२/
आधी पार्श्वभूमी. हिंदुस्थानच्या फाळणीच्या सव्वीस वर्षे आधी, १९२१ मध्ये, आयर्लंडची फाळणी झाली. ईशान्येकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथे सुमारे दोनतृतीयांश लोकसंख्या प्रोटेस्टंट आणि एकतृतीयांश कॅथलिक होती. सत्ता अखंडपणे युनियनिस्ट पक्षाच्या हाती राहिली. घरांचे वाटप, सरकारी नोकऱ्या, स्थानिक निवडणुकांतील मताधिकार या सर्व बाबतीत कॅथलिकांना दुय्यम वागणूक मिळे. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य होते. तरीही प्रभागांच्या सीमा अशा आखल्या होत्या, की नगरपालिका युनियनिस्टांच्याच ताब्यात राहावी.

३/
१९६८ मध्ये नागरी हक्कांसाठी मोर्चे निघाले. त्यांच्यावर लाठ्या पडल्या. ऑगस्ट १९६९ मध्ये दंगली पेटल्या आणि ब्रिटिश सैन्य रस्त्यावर आले. वर्षअखेरीस प्रोव्हिजनल आयआरए स्थापन झाली. समोर यूव्हीएफ, यूडीए यांसारख्या लॉयलिस्ट संघटना होत्या. पुढील तीन दशकांत सुमारे ३,५०० माणसे मारली गेली. ढोबळमानाने त्यांतील ६० टक्के मृत्यू रिपब्लिकन संघटनांच्या, ३० टक्के लॉयलिस्टांच्या आणि १० टक्के सरकारी दलांच्या हातून झाले. संघर्ष राज्यसत्तेचा आणि सीमेचा होता. पोपचा अधिकार किंवा ख्रिस्तप्रसादाचे तत्त्वज्ञान यांसाठी कोणी बॉम्ब पेरत नव्हते.

४/
मग चर्च निर्दोष ठरते काय? मुळीच नाही. भिंत राजकारणाने उभारली असली, तरी तिचा पाया चर्चने जपला. १९२३ मध्ये उत्तर आयर्लंडचे शिक्षणमंत्री लॉर्ड लंडनडेरी यांनी सर्व पंथांची मुले एका वर्गात शिकतील असा कायदा आणला. त्याला कॅथलिक बिशपांनी विरोध केला आणि प्रोटेस्टंट धर्मगुरूंनीही केला. इतर कशावरही एकमत न होणाऱ्या दोन्ही बाजू मुलांना वेगळे ठेवण्यावर मात्र एक झाल्या. १९२५ आणि १९३० च्या दुरुस्त्यांनंतर त्या कायद्यात मूळ हेतूचे फारसे काही उरले नाही.

५/
विवाहाची तीच गत. १९०८ पासून लागू झालेल्या ‘ने तेमेरे’ या रोमच्या आदेशानंतर मिश्रविवाहातील मुले कॅथलिक म्हणूनच वाढवण्याचे वचन हा आयर्लंडमधील प्रोटेस्टंटांच्या दृष्टीने आपला समाज गिळण्याचा डाव ठरला. १९७० मध्ये रोमने नियम सैल केले, पण मनातील गाठ सुटली नाही. शाळा वेगळी, लग्न वेगळे, खेळ वेगळा, दफनभूमी वेगळी. शेजारच्या गल्लीतला माणूस नावावरून ओळखायचा आणि त्याच्याविषयी ऐकीव गोष्टींवर विसंबायचे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय लागली. बंदूक चर्चने दिली नाही. परंतु नेम धरणाऱ्याला समोरचा माणूस अनोळखी वाटावा, ही व्यवस्था मात्र चर्चने सांभाळली.

६/
हिंसा सुरू झाल्यावर चर्चने काय केले? निषेध. स्फोट झाला की पत्रक निघे. अंत्यविधीला बिशप येत, दुःख व्यक्त करीत, मारेकऱ्यांना आवाहन करीत. कधी चारही प्रमुख चर्चचे नेते, म्हणजे कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट, एकाच निवेदनावर सही करीत. शब्द प्रामाणिक होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की ते शब्द ज्यांच्यासाठी होते त्यांच्यापर्यंत ते कधी पोहोचले का?

७/
या निषेधपरंपरेचा कळसाध्याय १९७९ चा. २७ ऑगस्ट रोजी आयआरएने मुलामोर येथे भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची नौका बॉम्बने उडवली. त्याच दिवशी वॉरेनपॉइंटजवळ अठरा ब्रिटिश सैनिक ठार झाले. महिन्याभराने पोप जॉन पॉल दुसरे आयर्लंडला आले. या हत्यांमुळे त्यांचे सीमेपलीकडे जाणे रद्द झाले होते. २९ सप्टेंबरला सीमेअलीकडील द्रोहेदा येथे प्रचंड जनसमुदायापुढे त्यांनी हिंसेचा मार्ग सोडा, अशी गुडघे टेकून केल्यासारखी विनवणी केली. जगातील कोट्यवधी कॅथलिकांचा सर्वोच्च धर्मगुरू, कॅथलिक घरांत वाढलेल्या तरुणांपुढे हात जोडत होता. काही दिवसांतच आयआरएने त्यांचे म्हणणे फेटाळले.

८/
हे आवाहन का पडले? उत्तर जुन्या इतिहासात आहे. १९२२ च्या आयरिश यादवी युद्धात बिशपांनी संयुक्त पत्र काढून करारविरोधी रिपब्लिकनांना दोषी ठरवले. अनेकांना पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद नाकारला गेला. दहा वर्षांनी त्याच पराभूत गटातले डी व्हॅलेरा निवडणूक जिंकून सत्तेवर आले आणि बिशपांनी त्यांच्याशी जुळवून घेतले. रिपब्लिकन घराण्यांनी यातून एक धडा गिरवला : बिशप आज शाप देतात, उद्या आशीर्वाद देतात; आपण आपले काम करावे. रविवारी मिस्सा ऐकायची आणि राजकारणात बिशपांचे ऐकायचे नाही, ही रीत तेव्हापासूनची. १९७९ ची विनवणी त्या मुरलेल्या सवयीवर आदळली.

९/
येथे एक आक्षेप रास्त आहे. निषेध अगदीच वाया गेला असे म्हणता येत नाही. प्रमुख चर्चनी हत्येला कधीही धर्मकार्याचा दर्जा दिला नाही. आयआरए किंवा यूव्हीएफला ‘ही देवाची लढाई आहे’ असे प्रमाणपत्र कोणा कार्डिनलकडून वा प्रेस्बिटेरियन महासभेकडून मिळाले नाही. जगातील इतर अनेक संघर्षांकडे पाहता ही गोष्ट लहान नव्हे. निषेधाने आग भडकू दिली नाही, हे मान्य करावे. मात्र आग न भडकवणे वेगळे आणि विझवणे वेगळे. पत्रकांनी पहिले साधले, आणि दुसरे साधल्याचा आव चर्चच्या पुढल्या काळातील आत्मगौरवात दिसतो.

१०/
शिवाय त्या पत्रकांच्या मागे काय चालले होते, हेही पाहायला हवे. ३१ जुलै १९७२ रोजी क्लॉडी या लहानशा गावात तीन मोटारबॉम्ब फुटले. नऊ जण ठार झाले. त्यांत कॅथलिक होते, प्रोटेस्टंट होते, आठ वर्षांची एक मुलगीही होती. जवळच्या भागात काम करणारे फादर जेम्स चेस्नी यांचा या स्फोटात हात असल्याचा पोलिसांना संशय होता. त्यांना अटक झाली नाही. त्यांची साधी चौकशीही झाली नाही. पुढे त्यांची बदली सीमेपलीकडे डोनेगॉल परगण्यात झाली. १९८० मध्ये ते वारले. त्यांच्यावर कधीही खटला चालला नाही, त्यामुळे आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

११/
ऑगस्ट २०१० मध्ये पोलीस लोकपालांचा अहवाल आला आणि पडद्यामागची गोष्ट बाहेर पडली. पोलीस अधिकाऱ्यांनी हा प्रश्न सरकारकडे नेला होता. ब्रिटिश मंत्री विल्यम व्हाइटलॉ आणि कार्डिनल विल्यम कॉनवे यांच्यात या धर्मगुरूविषयी बोलणे झाले होते. धर्मगुरूला अटक केली तर वणवा पेटेल, ही भीती त्यामागे असावी. १९७२ हे त्या संघर्षातील सर्वांत रक्तरंजित वर्ष होते. पण क्लॉडीच्या नऊ कुटुंबांना या भीतीची किंमत अडतीस वर्षे मोजावी लागली. संस्था एका हाताने निषेधावर सही करते आणि दुसऱ्या हाताने आपल्या माणसावर पांघरूण घालते, तेव्हा त्या सहीला काय मोल उरते?

१२/
प्रोटेस्टंट बाजूचा पारडाही हलका नाही. १९५१ मध्ये स्वतःचे फ्री प्रेस्बिटेरियन चर्च आणि १९७१ मध्ये डीयूपी हा पक्ष स्थापन करणारे पाद्री इयन पेझली यांनी व्यासपीठ आणि राजकीय मंच यांतील अंतरच पुसून टाकले. रोम म्हणजे सैतानाचे राज्य, तडजोड म्हणजे विश्वासघात, हा त्यांचा सूर दशकानुदशके घुमत राहिला. १९८८ मध्ये युरोपीय संसदेत पोप भाषणाला उभे राहिले, तेव्हा पेझली यांनी त्यांना तोंडावर ख्रिस्तविरोधी म्हणून हिणवले. पेझली स्वतः हत्येचा पुरस्कार करीत नसत. परंतु बंदूक हाती घेतलेल्या काही लॉयलिस्टांनी पुढे सांगितले, की त्यांच्या भाषणांनी आपण पेटलो होतो.

१३/
येथे निषेधपत्रकांच्या समर्थकांची पंचाईत होते. ‘धर्मगुरूंच्या शब्दांनी हिंसा थांबत नाही, त्यात चर्चचा काय दोष?’ असे ते विचारतात. पण पेझली यांच्या शब्दांनी परिणाम झालाच ना? शब्दांत ताकद होती. पेझली आपल्या लोकांना त्यांच्या मनातली भीतीच ऐकवत होते, म्हणून ते शब्द आत उतरले. भीतीच्या विरुद्ध बोलायचे असेल, तर आधी आपल्या माणसांचा विश्वास कमवावा लागतो आणि मग त्यांचा रोष पत्करावा लागतो. पत्रकात या दोन्हींची तयारी दिसत नव्हती. काही मोजक्या माणसांनी मात्र ती दाखवली. आता त्यांच्याकडे वळू.

१४/
३० जानेवारी १९७२. डेरीमध्ये ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने निःशस्त्र मोर्चावर गोळीबार केला. त्या दिवशी तेरा जण मेले, चौदावा नंतर. सतरा वर्षांच्या जॅकी डडीला उचलून नेणाऱ्या माणसांपुढे रक्ताने भिजलेला पांढरा रुमाल हलवत, वाकून चालणारे फादर एडवर्ड डेली यांचे दृश्य जगाने पाहिले. मृतांकडे शस्त्रे नव्हती, हे डेली सांगत राहिले. सरकारी चौकशीने आधी सैन्याचीच बाजू उचलून धरली. खरे काय ते सॅव्हिल आयोगाने २०१० मध्ये मान्य केले. तेच डेली डेरीचे बिशप झाल्यावर आयआरएच्या हत्यांविरुद्ध तितक्याच स्पष्टपणे बोलले. सैन्याविरुद्ध साक्ष दिलेल्या माणसाला ‘सरकारचा भाट’ म्हणणे आयआरएला सोपे गेले नाही.

१५/
फादर डेनिस फॉल यांची गोष्टही अशीच. त्यांनी कैद्यांच्या छळाविरुद्ध पुस्तिका काढल्या, सरकारला जाब विचारला. १९८१ मध्ये तुरुंगात राजकीय कैद्यांच्या दर्जासाठी उपोषण सुरू झाले आणि बॉबी सँड्स यांच्यासह दहा जण मेले. सँड्स यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधी पोपचा दूत येऊन गेला. त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी फॉल यांनी उपोषणकर्त्यांच्या आयांना आणि कुटुंबीयांना एकत्र केले : मुलगा बेशुद्ध पडला की उपचाराला संमती देण्याचा अधिकार तुमचा आहे. एकेक कुटुंब पुढे आले आणि ३ ऑक्टोबरला उपोषण संपले. रिपब्लिकन चळवळीने त्यांच्यावर राग धरला. पण उरलेली मुले जगली.

१६/
प्रोटेस्टंट धर्मगुरूंपैकीही काहींनी जोखीम उचलली. १० डिसेंबर १९७४ रोजी क्लेअर परगण्यातील फीकल गावच्या हॉटेलात अँग्लिकन पाद्री विल्यम आर्लो आणि त्यांचे सहकारी थेट आयआरएच्या नेत्यांसमोर बसले. तीनच आठवड्यांपूर्वी बर्मिंगहॅममधील दोन पबमध्ये झालेल्या स्फोटांत एकवीस माणसे मेली होती. अशा वेळी या माणसांशी एका टेबलावर बसणे म्हणजे स्वतःच्या समाजात तोंड काळे करून घेणे. बैठक चालू असतानाच पोलिसांचा छापा पडला. त्यांना हवे असलेले नेते तोवर निसटले होते. धर्मगुरू मात्र जागेवर होते, आणि दुसऱ्या दिवशी सर्व देशाला त्यांची नावे कळली.

१७/
या बैठकीतून नाताळची शस्त्रसंधी निघाली आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये दीर्घ युद्धविराम. तो यशस्वी झाला काय? नाही. त्या वर्षभरात दोन्ही बाजूंच्या पंथीय हत्या थांबल्या नाहीत. सरकार आपल्याला विकणार या भीतीने लॉयलिस्ट अधिक चवताळले. जानेवारी १९७६ मध्ये किंग्जमिल येथे दहा प्रोटेस्टंट कामगारांना मिनीबसमधून उतरवून मारण्यात आले. ‘मारेकऱ्यांशी बोलल्याने त्यांना प्रतिष्ठा मिळते’ हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो पोकळ नव्हता. फीकलने एवढेच सिद्ध केले, की हत्यारधारी माणूस निषेधाला उत्तर देत नाही, पण समोर बसलेल्या माणसाला देतो. पुढच्यांनी हा धडा लक्षात ठेवला.

१८/
आता क्षमेकडे. ८ नोव्हेंबर १९८७. एनिस्किलन येथे महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ लोक जमले होते. आयआरएच्या बॉम्बने त्या दिवशी अकरा जण मेले; बारावा माणूस तेरा वर्षे बेशुद्धावस्थेत राहून २००० मध्ये गेला. गॉर्डन विल्सन हे मेथडिस्ट कापडव्यापारी आणि त्यांची वीस वर्षांची परिचारिका मुलगी मेरी ढिगाऱ्याखाली शेजारी शेजारी अडकले होते. तिचा हात त्यांच्या हातात होता. मेरी वाचली नाही. काही तासांनी विल्सन यांनी बीबीसीला सांगितले, की मारेकऱ्यांविषयी आपल्या मनात वैर नाही. ते त्यांच्यासाठी प्रार्थना करणार होते.

१९/
जगाने हे ऐकले आणि त्यांचे चित्र करून भिंतीवर टांगले. तेव्हापासून ‘ख्रिस्ती क्षमा’ म्हटले की विल्सन यांचे नाव येते. या कौतुकात एक क्रूरता दडलेली आहे. एनिस्किलनमधील सर्व कुटुंबांची भावना तीच नव्हती. असायला हवी, असा हट्ट कोणालाही धरता येणार नाही. ज्यांना न्याय हवा होता, ज्यांचा राग शमला नव्हता, त्यांच्यापुढे विल्सन यांचे उदाहरण नाचवणे म्हणजे एका बापाच्या दुःखाचा दुसऱ्या बापावर आसूड ओढणे. क्षमा ही ज्याची हानी झाली त्याची खासगी ठेव आहे. ती दुसऱ्याच्या खात्यातून काढून खर्च करण्याचा अधिकार बिशपाला नाही, सरकारला नाही आणि इतिहासप्रेमी वाचकालाही नाही.

२०/
खुद्द विल्सन यांना तरी क्षमेने सर्व काही साधल्याचा भ्रम होता का? मार्च १९९३ मध्ये वॉरिंग्टनच्या स्फोटात दोन लहान मुलगे मारले गेले, त्यानंतर ते आयआरएच्या प्रतिनिधींना जाऊन भेटले आणि हिंसा थांबवा अशी विनंती केली. ते रिकाम्या हाताने, निराश होऊन परतले. या भेटीबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. १९९५ मध्ये ते वारले. एनिस्किलनच्या स्फोटाबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. ‘क्षमेने युद्ध संपवले’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

२१/
मग युद्ध संपवण्याचे काम कोठे चालले होते? पश्चिम बेलफास्टमधील क्लोनार्ड मठात. तेथील रिडेम्पटोरिस्ट धर्मगुरू ॲलेक रीड वर्षानुवर्षे सिन फेनचे जेरी ॲडम्स आणि घटनात्मक मार्गाने जाणाऱ्या एसडीएलपीचे जॉन ह्यूम यांना जोडत होते. मार्च १९८८ मध्ये एका अंत्ययात्रेत आयआरएच्या विरोधकाने हातबॉम्ब फेकून तिघांना मारले. त्यांच्यापैकी एकाच्या अंत्ययात्रेत, १९ मार्चला, साध्या वेशातील दोन ब्रिटिश कॉर्पोरल मोटारीने शिरले. जमावाने त्यांना ओढून काढले. रीड त्या दोघांमध्ये जमिनीवर पडून राहिले, त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला. त्यांना बाजूला खेचण्यात आले. दोघांना गोळ्या घातल्या गेल्या.

२२/
रीड धावत गेले. एकाच्या तोंडात श्वास भरण्याचा प्रयत्न केला, दोघांना अंत्यसंस्काराचे तेल लावले. विवस्त्र प्रेताशेजारी गुडघे टेकलेल्या, ओठांना रक्त लागलेल्या त्या धर्मगुरूचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट त्यांच्या खिशात होती : सिन फेनने ह्यूम यांच्यासाठी दिलेला, शांततेच्या मार्गाची रूपरेषा मांडणारा लिफाफा. त्यावर रक्ताचे डाग पडले. रीड यांनी लिफाफा बदलला आणि कागद ह्यूम यांच्यापर्यंत पोहोचवले. ज्यांच्या समर्थकांनी नुकतेच डोळ्यांदेखत खून केले, त्यांचीच चिठ्ठी घेऊन जायची. तीही त्याच दिवशी. यापेक्षा कठीण धर्माचरण कोणते?

२३/
त्या वर्षी दोन्ही पक्षांत चर्चा झाली. ती फिसकटली. रीड थांबले नाहीत. १९९३ मध्ये ह्यूम-ॲडम्स संवाद उघड झाला. ३१ ऑगस्ट १९९४ ला आयआरएने युद्धविराम जाहीर केला. लॉयलिस्ट संघटनांकडे तेच काम प्रेस्बिटेरियन पाद्री रॉय मॅगी करीत होते. १३ ऑक्टोबरला त्यांचाही युद्धविराम आला. १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला आणि उत्तर आयर्लंडच्या ७१ टक्के मतदारांनी त्याला कौल दिला. १९९८ च्याच ऑगस्टमध्ये कराराला न मानणाऱ्या फुटीर गटाने ओमामध्ये एकोणतीस जणांचा बळी घेतला. तरीही करार टिकला.

२४/
अर्थात दोन-तीन धर्मगुरूंनी इतिहास फिरवला, अशी नवी दंतकथा रचणेही चुकीचे. आयआरए जिंकू शकत नाही आणि सैन्य तिला पुरते संपवू शकत नाही, ही कोंडी दोन्हीकडे उमगली होती. हेरांनी संघटना पोखरली होती. लंडन, डब्लिन आणि वॉशिंग्टनमधील राजकारण बदलले होते. कार्डिनल टोमास ओ फिआइख यांच्यासारख्या वरिष्ठाचा रीड यांना पाठिंबा होता, म्हणजे संस्थाही अगदी मुर्दाड नव्हती. धर्मगुरूंनी केले ते इतकेच, की बोलण्याची वेळ येईल तेव्हा दार उघडे असावे म्हणून ते दहा-पंधरा वर्षे दारात उभे राहिले. पण ते दार कुलूपबंद असते, तर कोंडी उमगूनही उपयोग काय होता?

२५/
२६ सप्टेंबर २००५ रोजी आयआरएची शस्त्रे निकामी केल्याचे जाहीर झाले. ती निकामी होताना साक्षीदार म्हणून दोन माणसे हजर होती : कॅथलिक धर्मगुरू रीड आणि मेथडिस्ट पाद्री हॅरल्ड गुड. ही साक्ष बिशपांच्या पत्रकांनी मिळवलेली नव्हती. वर्षानुवर्षे कमावलेल्या विश्वासाची ती पावती होती. १९९८ च्या कराराला कडाडून विरोध करणारे पेझली २००७ मध्ये माजी आयआरए नेते मार्टिन मॅकगिनेस यांच्याबरोबर सरकारात बसले. माणसे बदलतात. मात्र हे चाळीस वर्षे आधी झाले असते तर, हा प्रश्न ३,५०० थडग्यांपाशी जाऊन थांबतो.

२६/
आणि पाया? तो अजून तसाच आहे. १९८१ मध्ये काही पालकांनी पदरमोड करून अवघ्या अठ्ठावीस मुलांनिशी लेगन कॉलेज ही एकत्रित शाळा सुरू केली. पुढाकार चर्चचा नव्हता, पालकांचा होता. आज अशा शाळांना सरकारी मदत आहे, तरीही त्यांत शिकणाऱ्या मुलांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी आहे. बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांमधील उंच भिंती, ज्यांना तिथे ‘शांतताभिंती’ म्हणतात, अनेक ठिकाणी उभ्याच आहेत. १९२३ मध्ये दोन्ही बाजूंच्या धर्मगुरूंनी मिळून नाकारलेला वर्ग शंभर वर्षांनंतरही बहुतेक मुलांना मिळालेला नाही. चर्चवर खटला भरायचाच, तर तो या कलमाखाली भरावा.

२७/
दहशतवादाला धर्मसंस्थेने दिलेले उत्तर जोखताना पुढील प्रश्न विचारावेत. ते उत्तर देणाऱ्याला काही किंमत मोजावी लागली का? ते परक्यांना सुनावले, की आपल्या माणसांसमोर उभे राहून बोलले? आपल्यातल्या संशयिताला लपवले, की कायद्यापुढे आणले? मुलांना एकत्र बसू दिले का? पत्रकांची संख्या मोजणे सोपे असते. ती जतन केलेली असतात, त्यांवर तारखा असतात. रक्त लागल्याने बदललेला लिफाफा संग्रहालयात सापडत नाही. इतिहास वाचणाऱ्याचे काम तो लिफाफा शोधण्याचे आहे.

(समाप्त)